३६ ची लिंग्वल (जिभेकडची) बाजू गेलेली, पल्प (आतली नस) जिवंत: पिना लावाव्यात की खाचा पुरतील?

उगवती_दाढ

खालची डावी पहिली दाढ, ३६. जुनं मोठं फिलिंग सुटलंय. डिस्टोलिंग्वल (मागचा, जिभेकडचा) कस्प, म्हणजे दाढेचा उंचवटा, तुटून हिरडीच्या वर जेमतेम एक मिलिमीटर उरलाय. मेसिओलिंग्वल (पुढचा, जिभेकडचा) उभा दिसतो, पण आतून पोखरलेला आहे, खाली डेंटिनचा (इनॅमलखालच्या थराचा) आधार नाही. पाचवा, डिस्टल (मागचा) कस्प बॉक्समध्येच (मागच्या बाजूच्या पोकळीतच) गेला. बुक्कल (गालाकडच्या) बाजूचे दोन्ही कस्प चांगले, तिकडची आतली भिंत साधारण ४ मिमी उंच. डिस्टल बॉक्सचा तळ हिरडीच्या पातळीला. मेसिअल मार्जिनल रिज (पुढची कड) शाबूत. थंडाला नॉर्मल प्रतिसाद, एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काही नाही.

क्राउन नंतर होईल, पण तोवर वर्ष-दोन वर्षं याच फिलिंगवर काढायची आहेत. ॲमल्गम (पाऱ्याचा मिश्रधातू) वापरायचं हे नक्की. विचारायचं ते असं:

एका गेलेल्या कस्पमागे एक पिन (डेंटिनमध्ये बसवायची धातूची बारीक दांडी) असा हिशोब धरतात, म्हणजे इथे तीन पिना. खरंच तीन लागतील का? लागल्या तर मिनिम की मिनिकिन (जाड की बारीक)? पिना टाळून फक्त डेंटिनमधल्या खाचांवर हे फिलिंग टिकेल का? आणि ॲमल्गम बॉन्ड केलं (रेझिनने दाढेला चिकटवलं) तर यातलं काहीच करायला नको, असंही ऐकलंय. त्यात किती तथ्य?

बर_तीनशेतीस

तीन पिना नकोत. पिनांचा हिशोब कस्पवर नसतो, गेलेल्या ॲक्सिअल लाइन अँगलवर (उभ्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यांवर) असतो. तुमच्या दाढेत डिस्टोलिंग्वल कोपरा पूर्ण गेलाय, मेसिओलिंग्वल अर्धवट. म्हणजे फार तर दोन, आणि माझ्या मते त्याही लागणार नाहीत.

आधी हे बघा की जोर कुठून येणार. वरच्या दाढेचा पॅलेटल (टाळूकडचा) कस्प मधल्या खोबणीत उतरतो. तो लिंग्वल उतारावर घासला की फिलिंग जिभेकडे ढकललं जातं, आणि नेमकी त्याच बाजूला भिंत नाही. बुक्कलकडे ४ मिमीची भिंत आहे, मेसिअलला रिज आहे, तिकडची काळजी नाही. म्हणजे तुम्हाला हवंय ते लिंग्वलकडे सरकणं आणि डिस्टलकडे सरकणं अडवणारं काहीतरी. वर उचकटून येण्याची भीती त्यामानाने कमी.

म्हणून लिंग्वलच्या ओट्यावर (तिथल्या सपाट पायरीवर) मेसिओडिस्टल (पुढून मागे) दिशेची खाच, आणि डिस्टल बॉक्सच्या तळाला बुक्कोलिंग्वल (गालाकडून जिभेकडे) दिशेची खाच. दोन्ही एकमेकींना काटकोनात. लिंग्वलची खाच जिभेकडचा जोर अडवते, डिस्टलची मागचा. दोन्ही एकाच दिशेला पाडल्या तर दुसरी जवळजवळ फुकट जाते.

खाच कशी पाडायची:

३३० बर (कोरायचं फिरतं टोक). डीईजेपासून (इनॅमल-डेंटिनच्या सीमेपासून) किमान ०.५ मिमी आत. दाढेच्या मानेशी इनॅमल पातळ असतं, त्यामुळे हे अंतर डोळ्याने चुकतं. एक्सप्लोररने (टोकदार तपासणी हत्याराने) इनॅमल कुठे संपतं ते आधी चाचपून घ्या. हँडपीस दाढेच्या बाहेरच्या पृष्ठभागाला समांतर धरा. खोली १ मिमी. ३३० च्या डोक्याची लांबी साधारण दीड मिमी असते, तेव्हा दोन तृतीयांश डोकं बुडालं की थांबायचं. लांबी २ ते ४ मिमी. सलग लांब खाचेपेक्षा दोन आखूड खाचा घ्या. आडव्या जोराला आखूड खाचही तितकीच टिकते आणि मधलं डेंटिन वाचतं. बर पेअर आकाराचा असल्याने खाच तळाशी आपोआप किंचित रुंद होते, वेगळा अंडरकट काढत बसू नका.

डिस्टोलिंग्वल कोपऱ्यात मी खाचेऐवजी खड्डा पाडेन, म्हणजे ॲमल्गमपिन. तोच ३३० सरळ खाली, १.५ ते २ मिमी खोल, रुंदी बराएवढी. तोंडाची कड मात्र थोडी तिरकी घासा. कड धारदार राहिली तर ॲमल्गमची दांडी नेमकी तिथेच कापली जाते.

डिस्टल बॉक्सच्या बुक्कल भिंतीत एक लॉक (छोटी उभी खोबण): १६९एल बर, डीईजेच्या ०.२ मिमी आत, तळाशी अर्धा मिमी खोल आणि वर जाताना विरत जाणारा.

मेसिओलिंग्वल कस्प वाचवायच्या फंदात पडू नका. खालच्या दाढेत लिंग्वल कस्प नॉन-फंक्शनल (चावण्याचा मुख्य जोर न घेणारे), त्यामुळे १.५ मिमी कापून ॲमल्गमने झाकला तरी चालतो. पण डेंटिनचा आधार लागेपर्यंत खाली जा, मग ते दोन मिमी झालं तरी हरकत नाही. बुक्कल कस्प फंक्शनल आहेत. मधल्या खोबणीपासून कस्पच्या टोकापर्यंतच्या अंतराचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग पोकळीत गेला असेल तर तेही २ मिमी कापून झाकायचे. तेवढा गेला नसेल तर हात लावू नका.

सगळं झालं की बर ठेवून द्या आणि मनातल्या मनात फिलिंगला चारही बाजूंनी ढकलून बघा. प्रत्येक दिशेला डेंटिनची एखादी उभी बाजू आडवी येते का? एका दिशेला जरी येत नसेल तर तिथे काम बाकी आहे.

मिनिकिन_०४८

वरच्या उत्तराशी बऱ्यापैकी सहमत, पण पिना इतक्या सहज मोडीत काढू नका. खाचेला ओटा रुंद लागतो. डीईजेच्या आत अर्धा मिमी, बराची रुंदी ०.८ मिमी, आणि त्यापुढे पल्पपर्यंत सुरक्षित डेंटिन. डिस्टोलिंग्वलला उरलेला ओटा दीड मिमीच असेल तर ही बेरीज जमत नाही. आणि जिथे एकही उभी भिंत शिल्लक नाही अशा दाढेत नुसत्या खाचांवर विसंबणं मला पटत नाही.

पिन लावायचीच वेळ आली तर एकच, डिस्टोलिंग्वल कोपऱ्यात, मिनिकिन. मिनिमची पिन ०.६१ मिमी आणि ड्रिल ०.५३. मिनिकिनची पिन ०.४८, ड्रिल ०.४३. पिन स्वतः आटे पाडत शिरते, म्हणजे हा फरक डेंटिन दाबूनच भरून निघतो. मिनिममध्ये तो ०.०८, मिनिकिनमध्ये ०.०५. जाड पिनेची पकड जास्त, पण डेंटिनला तडे जाण्याची शक्यताही जास्त. जिवंत दाढेत मी मिनिकिनच घेईन. सिमेंट करून बसवायच्या पिनेत हा दाब नसतो, पण तिची पकड आट्याच्या पिनेच्या पाच-सहापट कमी.

जागा: दाढेच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान १.५ मिमी आत. उभ्या भिंतीला चिकटवून नको. पिनेभोवती सगळीकडे अर्धा मिमी मोकळं हवं, नाहीतर तिच्यामागे ॲमल्गम दाबलंच जात नाही. भिंत जवळ असेल तर २४५ बराने तिथे छोटी कोव्ह (गोलसर खळगी) काढा. मध्य-लिंग्वल आणि मध्य-बुक्कल जागा खालच्या दाढेत वर्ज्य, खाली फर्केशन (मुळं विभागतात ती जागा) आहे. दोन पिना लावल्याच तर मिनिकिनमध्ये ३ मिमी अंतर, मिनिममध्ये ५.

ड्रिल करण्याआधी पाव नंबरच्या राउंड बराने बारीक खळगा करा, नाहीतर ड्रिलचं टोक डेंटिनवर घसरतं. मग ड्रिल बाहेरच्या पृष्ठभागाला टेकवून कोन पाहून घ्या. लिंग्वलकडे ही पायरी गाळली की भोक पडतं, कारण खालच्या दाढेचं डोकं जिभेकडे कललेलं असतं आणि हात मात्र सरळ खाली जातो. वेग ३०० ते ५०० आरपीएम. एका, फार तर दोन दमांत २ मिमी. आत जाताना आणि बाहेर येताना ड्रिल फिरतंच राहिलं पाहिजे. आत थांबलं तर मोडतं, तळाशी रेंगाळलं तर भोक मोठं होतं. धार गेलेलं ड्रिल फेकून द्या. ते कापत नाही, घासतं, आणि त्या उष्णतेने पल्प दुखावतो.

डेंटिनमध्ये २ मिमी, बाहेर २ मिमी, आणि पिनेच्या टोकावर ॲमल्गम किमान २ मिमी. शेवटचा आकडा लोक विसरतात. पिन ॲमल्गमला बळकटी देत नाही, उलट ताणाला ते कमजोरच होतं. टोकावरचा थर पातळ राहिला तर फिलिंग तिथूनच फुटतं.

पिन बसल्यावर चिमट्याने हलवून पाहा. हलली तर भोक मोठं झालंय: ती काढून पुढच्या मापाचं ड्रिल आणि पिन वापरा, किंवा दीड मिमी सोडून नवीन भोक घ्या. पिन उंच राहिली आणि कापायची असेल तर हेमोस्टॅटने धरून, बर पिनेला काटकोनात. तिरका धरला तर पिन उलटी फिरून सुटते. वाकवायची तर वाकवायच्या हत्यारानेच. एक्सकॅव्हेटरने दाबून वाकवलेल्या पिनेच्या बुडाशी डेंटिन चिरतं.

ड्रिल चालू असताना हाताला अचानक पोकळ लागलं किंवा भोकातून रक्त आलं तर थांबा. पल्पमध्ये गेलं असेल तर रक्त थांबवून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि पिन दुसरीकडे. बाहेर निघालं असेल आणि ती जागा हिरडीच्या वर असेल तर पिन पृष्ठभागालगत कापून गुळगुळीत करता येते. हिरडीखाली, हाडाच्या हद्दीत निघालं तर फ्लॅप (हिरडीचा पदर) उघडण्यावाचून मार्ग नाही. हे सगळं पाहता खाचेला जागा आहे तोवर खाचच, यावर माझंही दुमत नाही.

उगवती_दाढ

दोघांचेही आभार. प्रोबने मोजलं: डिस्टोलिंग्वलचा ओटा २.५ मिमी रुंद आहे, बाइटविंगमध्ये (दाढांच्या एक्स-रेत) पल्पही लांब दिसतो. म्हणजे खाच आणि खड्डा बसेल. दोन शंका उरल्या. लायनर (पल्प वाचवणारा पातळ थर) घालायचा तर खाचेच्या आधी की नंतर? आणि खाच इतकी अरुंद असताना ॲमल्गम तळापर्यंत पोचलं हे कळणार कसं?

बर_तीनशेतीस

लायनर आधी, खाच नंतर. म्हणजे लायनरचा एखादा थेंब खाचेच्या जागी गेलाच तर ती पाडताना निघून जातो. लायनर फक्त पल्पच्या अगदी जवळच्या जागी, सगळ्या तळावर नाही. तो ओट्यावर पसरला तर खाच डेंटिनऐवजी लायनरमध्येच पडते, आणि पकड शून्य.

दुसऱ्याचं उत्तर ॲमल्गम घोळायच्या आधीच मिळतं. कंडेन्सरचं (ॲमल्गम दाबायच्या हत्याराचं) सगळ्यात बारीक टोक कोरड्या खाचेत घालून बघा. तळाला टेकलं की टक असा कडक स्पर्श हाताला कळतो. टेकत नसेल, कडांवरच अडत असेल, तर ॲमल्गमही तिथेच अडणार आणि खाली पोकळी राहणार. मग बारीक रूट कॅनल प्लगर घ्या. खाचेची रुंदी किंचित वाढवणं हा दुसरा उपाय, पण तो नंतरचा.

बँड_आणि_वेज

खाचेवरची फिलिंग्ज बिघडतात ती बहुतेकदा मॅट्रिक्स (फिलिंगभोवतीचा साचा, म्हणजे धातूचा बँड) काढताना, त्यामुळे त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

पिनेवरचं फिलिंग कोवळं असताना थोडा धक्का सहन करतं, कारण पिन धातूची आहे आणि आधीच घट्ट आहे. खाचेत मात्र पकड म्हणजे नुकतंच भरलेलं ॲमल्गमच. बँड ओढताना फिलिंग केसभर जरी वर उचललं गेलं तरी खाचेतला तुकडा आतल्या आत कापला जातो. वरून काहीच दिसत नाही. काही आठवड्यांनी दाढ चावताना टोचते किंवा अख्खा लिंग्वल भाग एकसंध निघून येतो. अशा निघालेल्या तुकड्याचा खालचा भाग नीट बघा. खाचेचा उंचवटा तुटलेला आणि खडबडीत असेल तर धक्का लागलाय. उंचवटा बनलाच नसेल, तिथे गोलसर गुळगुळीत खळगा असेल, तर ॲमल्गम तळापर्यंत गेलंच नव्हतं. दोन्हींचा दोष वेगळा आणि इलाजही वेगळा.

बँड असा: टोफलमायर, रिटेनर (बँड धरणारा भाग) बुक्कलला. बँड डिस्टल बॉक्सच्या तळाखाली साधारण १ मिमी, आणि शेजारच्या मार्जिनल रिजच्या वर १ ते २ मिमी. लिंग्वलला दोन कस्प नाहीत, तेव्हा बँड तिथे आत कोसळतो आणि दाढ सपाट होते. बाहेरून कंपाउंडचा (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या पदार्थाचा) आधार द्या, मग गरम हत्याराने आतून बँडला फुगवटा द्या. वेज (छोटी पाचर) डिस्टलला घट्ट. वेज घातल्यावर तळाशी बँड आणि दाढ यांत एक्सप्लोरर शिरता कामा नये.

ॲमल्गम: मी इथे गोल कणांचं हाय-कॉपर घेईन. अरुंद खाचेत ते कमी जोराने सरकतं आणि लवकर ताकद धरतं. एका तासाला दाब सहन करायची त्याची ताकद सुमारे २६० मेगापास्कल, मिश्र कणांच्या ॲमल्गमची सुमारे १४०. तोटा असा की डिस्टलचा काँटॅक्ट (शेजारच्या दाताशी स्पर्श) मिश्र कणांत जास्त घट्ट मिळतो, कारण ते दाबलं की बँडला बाहेर ढकलतं. गोल कणांचं ढकलत नाही, बाजूला सरकतं. तेव्हा काँटॅक्टचं काम बँड घासून पातळ करणं आणि वेज यांनीच साधायचं.

सगळ्या कॅप्सूल एकदम घोळू नका. या पोकळीला दोन-स्पिलच्या (दुप्पट मापाच्या) तीन-चार तरी लागतील. पहिली फक्त खाचा, खड्डा आणि बॉक्सच्या तळासाठी, सर्वांत बारीक कंडेन्सरने. ती दाबत असतानाच मदतनीसाने दुसरी लावायची. घोळल्यापासून तीन मिनिटांवर गेलेलं आणि भुसभुशीत झालेलं ॲमल्गम वाया घालवायला शिका. ते वरच्या थराशी एकजीव होत नाही आणि फिलिंग पुढे थराथरात सुटतं. गोल कणांना नंतर मोठं टोक हवं. बारीक टोक त्यात सुईसारखं घुसतं, दाबत काहीच नाही.

लाळ येऊ द्यायची नाही हे सांगायला नको, पण मिश्रधातूत जस्त असेल तर नुकसान उशिरा दिसतं. ओलाव्याशी जस्ताची क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, तीन ते पाच दिवसांनी फिलिंग फुगायला लागतं आणि दाढ दुखते. हिरडीच्या पातळीचा बॉक्स आहे, रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पडदा) बसत असेल तर बसवाच.

काढताना: वरचा ढोबळ आकार आणि मार्जिनल रिज बँड असतानाच कोरून घ्या. रिजवरून एक्सप्लोरर बँडला टेकवून फिरवला की रिज बँडसोबत फुटत नाही. मग रिटेनर सैल करून आधी तो एकटा काढा. कंपाउंड काढा. वेज राहू द्या. बँडचं मेसिअल टोक आधी सोडवा, कारण तिथे फिलिंग नाही. डिस्टलचं टोक सरळ वर ओढायचं नाही, तिरकं बुक्कलकडे सरकवत न्यायचं आणि त्या वेळी दुसऱ्या हाताने फिलिंगवर कंडेन्सर हलका दाबून धरायचा. वेज सगळ्यात शेवटी.

बाइट तपासताना दाढ जोरात आपटायला सांगू नका. हळू टेकवा, चकाकणारे ठिपके कोरून काढा. लिंग्वलच्या उतारावर ठिपका दिसला तर तो पूर्ण काढा, संपर्क खोबणीच्या तळाशी राहिला तर उत्तम. चोवीस तास त्या बाजूने चावणं बंद.

कोरडी_दाढ

बॉन्डिंगचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ४-मेटा रेझिन (चिकटवणारं रसायन) लावून ॲमल्गम बॉन्ड करता येतं, पण ते खाचेच्या ऐवजी नाही, खाचेसोबत. २००४ साली छापलेल्या सहा वर्षांच्या अभ्यासात मोठ्या ॲमल्गममध्ये बॉन्ड केलेली आणि पिन लावलेली यांच्या अपयशात लक्षणीय फरक दिसला नव्हता. दुसरीकडे कॉक्रेनच्या (वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात बॉन्ड केलेलं साध्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही, आणि निकषात बसणारा प्रयोग त्यांना एकच सापडला. तेव्हा आधीच भिंत आणि खाच असताना मी त्या वाटेला जाणार नाही. केलंच तर रेझिन ओलं असतानाच ॲमल्गम दाबायचं, ते कोपऱ्यात साचू द्यायचं नाही आणि बँडला आतून मेणाचा पातळ हात द्यायचा. नाहीतर बँडच फिलिंगला चिकटतो आणि वर सांगितलेला धक्का हमखास बसतो. साचलेलं रेझिन खाचेत गेलं तर खाच ॲमल्गमने भरण्याऐवजी रेझिनने भरते, हा आणखी एक घोळ.

पुढे कधी या दाढेची रूट कॅनल झालीच तर प्रश्न सोपा होतो: पल्प चेंबरच पकड देतं. चेंबर ४ मिमी किंवा जास्त खोल असेल तर कॅनलमध्ये उतरायची गरज नाही. उथळ असेल तर प्रत्येक कॅनलमधून गटापर्चा (कॅनलमधलं भरण) २ ते ४ मिमी गरम हत्याराने काढून तिथपर्यंत ॲमल्गम दाबायचं, ही १९८० साली नय्यर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत. कॅनल रुंद करायचे नाहीत. अशा दाढेला पिन लावायचं कारणच उरत नाही.

उगवती_दाढ

मग असं ठरवतोय: लिंग्वल ओट्यावर दोन आखूड खाचा, डिस्टोलिंग्वलला एक खड्डा, डिस्टल तळाला एक खाच, बुक्कल भिंतीत लॉक. मेसिओलिंग्वल कापून झाकणार. गोल कणांचं ॲमल्गम, बॉन्डिंग नाही. पिनांचा सेट बाजूला तयार ठेवतो.

मिनिकिन_०४८

बरोबर. फक्त खड्डा आणि त्याच्या शेजारची लिंग्वल खाच एकमेकींत मिसळू देऊ नका. मध्ये किमान एक मिमी डेंटिन उभं राहू दे. ते निघालं तर दोघांची मिळून एक मोठी उथळ खळगी होते, आणि त्या कोपऱ्यात मग पिनच लावावी लागेल.